दोघांनी मिळून चालवायची तलवार

चिनी वीरकथांच्या मालिका पाहणाऱ्यांत दोन तट असतात. काहींना तलवारबाजी हवी असते. प्रेमाचे प्रसंग आले की ते चहा करायला उठतात. काहींना फक्त ते दोघं हवे असतात, मारामारी सुरू झाली की ते ती पुढे पळवतात. ‘शन द्याओ श्या ल्यू’, म्हणजे महागरुड आणि वीरयुगुल यांची गोष्ट, या दोन्ही तटांना चकवते. या मालिकेतली मारामारी गाळली तर प्रेमकथेचा अर्धा मजकूरच गळून पडतो. कोण कोणावर किती जीव टाकतं, कोणाचं मन कुठं दुभंगलं आहे, कोणाच्या दुःखाला किती वर्षं झाली, हे सगळं इथं हातातल्या शस्त्रातून कळतं. पुढली पानं लिहायला मी घेतली ती एवढ्यासाठीच. मला ही मालिका फार आवडते, आणि का आवडते ते मला नीट सांगायचं आहे.

मी बोलते आहे ती मुख्यतः 2006 साली आलेल्या 41 भागांच्या चिनी मालिकेबद्दल. जांग जीजोंग तिचे निर्माते; हुआंग श्याओमिंग आणि लिउ यीफेई हे नायक-नायिका. पण गोष्ट त्याहून बरीच जुनी आहे. लेखक जिन योंग. खरं नाव झा ल्यांगयोंग, जन्म 1924 सालचा, चीनच्या जजियांग प्रांतातल्या हायनिंगचा. पुढलं बहुतेक आयुष्य हाँगकाँगमध्ये गेलं आणि 2018 साली तिथंच ते वारले. 20 मे 1959 रोजी त्यांनी एका सहकाऱ्याबरोबर ‘मिंग पाओ’ हे दैनिक सुरू केलं आणि पहिल्याच अंकात या कादंबरीचा पहिला तुकडा छापला. नव्या वर्तमानपत्राकडे पैसा नव्हता, नाव नव्हतं. संपादकाच्या लेखणीतली गोष्ट होती. अग्रलेखही तेच लिहीत आणि कादंबरीचा रोजचा तुकडाही तेच. दोन वर्षांहून अधिक काळ हे चाललं. मालिकेत दर थोड्या वेळानं कुणी तरी कड्यावरून पडतं, कुणी विषानं तळमळतं, नेमकी भेट व्हायच्या क्षणी चुकामूक होते, याचं मूळ त्या रोजच्या तुकड्यात आहे. वाचकाला उद्याचा अंक विकत घ्यायला लावायचं होतं. पण नुसत्या ओढीवर एखादी गोष्ट साठ-सत्तर वर्षं टिकत नाही.

काळ दक्षिण सोंग राजवटीचा, तेरावं शतक. उत्तरेकडून मंगोल दाबत चालले आहेत. यांग गुओ हा अनाथ पोरगा. बाप शत्रूला फितूर झालेला आणि त्यातच मेलेला, आई वारलेली. बापाचा मानलेला भाऊ गुओ जिंग, सरळ मनाचा आणि त्या पिढीचा सर्वांत मोठा योद्धा, त्याला घरी आणतो. गुओ जिंगची बायको हुआंग रोंग बुद्धीनं अतिशय तल्लख; तिला या पोराच्या डोळ्यांत त्याचा बाप दिसतो, म्हणून ती त्याला युद्धकला शिकवायचं टाळते, पुस्तकं वाचायला लावते. अखेर पोराची रवानगी जोंगनान पर्वतावरच्या च्वानजन पंथाच्या ताओ मठात होते. तिथला गुरू त्याला छळतो, मंत्र पाठ करून घेतो आणि विद्या मात्र देत नाही. पोरगा पळतो, आणि मठाच्या शेजारच्या निषिद्ध रानात एका प्रचंड भुयारी थडग्यापाशी पोचतो. थडग्यात एक म्हातारी आणि एक तरुणी राहते. म्हातारी त्याला पोटाशी धरते, त्याच्यासाठी मठवाल्यांशी भांडते आणि त्या झटापटीत मरते. मरताना पोराला त्या तरुणीच्या हवाली करते. ती तरुणी म्हणजे श्याओलोंगन्यू.

तो चौदाएक वर्षांचा, ती अठराची. ती त्याची गुरू होते. पण गुरू या शब्दानं त्याला मठातला तो छळवादी आठवतो, म्हणून तो तिला ‘गुगु’, आत्या म्हणू लागतो आणि पुढंही बरेचदा तेच म्हणतो. या थडग्यातले भाग मला पूर्ण मालिकेत सर्वांत प्रिय आहेत. तिथं फार काही घडत नाही. ती हवेत ताणलेल्या एका दोरीवर झोपते आणि आपला गार पाषाणाचा पलंग त्याला देते, कारण त्या थंडीशी झगडत झोपलं की शरीरातली शक्ती वाढते. पहिला धडा चिमण्यांचा. उघड्या हातांनी चिमण्या अडवायच्या, एकही पीस न दुखावता. आधी थोड्या, मग वाढवत वाढवत एक्याऐंशी. विद्येची सुरुवात कुणाला मारण्यानं होत नाही, जिवंत आणि फडफडणाऱ्या गोष्टीला न दुखावता सांभाळण्यानं होते, हे कुणीही बोलून दाखवत नाही. दाखवायची गरजच पडत नाही. लिउ यीफेईच्या हालचालींत त्या प्रसंगी जो संथपणा आहे, तो पाहिला की पुढं ती तलवार उचलते तेव्हा आपल्याला तिच्याबद्दल सगळं आधीच माहीत असतं.

आता त्या थडग्याच्या आधीच्या मालकिणीची कथा. ती कळल्याशिवाय मालिकेचं मर्म हाती लागत नाही. च्वानजन पंथाचा संस्थापक वांग चोंगयांग हा इतिहासातला खरा माणूस, 1113 ते 1170 या काळातला. जिन योंगनी त्याच्या वाट्याला एक कल्पित प्रेम दिलं आहे: लिन चाओयिंग, त्याच्याच तोडीची योद्धी. दोघांचं एकमेकांवर प्रेम, दोघंही मानी, आणि त्याच्या डोक्यात राज्य परक्यांच्या हातून सोडवण्याचं वेड. दोघांत पैज लागते, तो हरतो, आपलं थडगं तिला देतो आणि शेजारीच मठ बांधून संन्यासी होतो. डोंगर एकच, अंतर हाकेचं. त्या भुयारात बसून ती त्याच्या पंथाच्या प्रत्येक डावावर तोड शोधते. एका अपमानित स्त्रीचा सूड, असं वाटतं. पण तिच्या ग्रंथाच्या शेवटच्या प्रकरणात एक वेगळीच तलवारविद्या लिहिलेली आहे. ती एकट्यानं चालत नाही. एकानं मठाची तलवार चालवायची, दुसऱ्यानं थडग्याची, आणि दोन्ही एकाच वेळी. डावांची नावंही युद्धाची नाहीत. बर्फ झाडून चहा उकळणं, पाइनखाली पट मांडणं, चांदण्यात फुलांसमोर बसणं, एकानं तंतुवाद्य वाजवणं आणि दुसऱ्यानं बासरी. ज्याच्याबरोबर एक दिवसही संसार केला नाही, त्याच्याबरोबर करायच्या राहून गेलेल्या साऱ्या गोष्टी तिनं तलवारीच्या डावांत लिहून ठेवल्या.

श्याओलोंगन्यू आणि यांग गुओ हे डाव आधी कोरडेपणानं शिकतात आणि ते जमत नाहीत. पुढं एका खाणावळीत मंगोलांचा बलाढ्य राजगुरू सुवर्णचक्र भिक्षू त्यांच्यावर तुटून पडतो. हरायची वेळ येते. तेव्हा प्रत्येक जण स्वतःला विसरून दुसऱ्याला वाचवायला पुढं होतो आणि ती विद्या एकाएकी जिवंत होते. तिच्यावरचा वार तो झेलतो, त्याच्यावरचा ती. दोघांनाही स्वतःचा बचाव करावाच लागत नाही. प्रेक्षकाला वाटतं, छान मारामारी झाली. खरं तर ती दोघांनी एकमेकांना दिलेली कबुली असते, आणि लिन चाओयिंगच्या मृत्यूनंतर इतक्या वर्षांनी तिचं वाक्य कुणी तरी पूर्ण केलेलं असतं.

त्याच्या जरा आधी दाशंग खिंडीजवळच्या वीरमेळाव्याचा प्रसंग आहे. यांग गुओनं सर्वांसमोर मंगोलांच्या पैलवानांना हरवून सोंग योद्ध्यांची लाज राखलेली आहे. सगळे त्याच्यावर खूश आहेत. गुओ जिंग तर आपली मुलगी त्याला द्यायला निघाला आहे. आणि कळतं की हा आपल्या गुरूशीच लग्न करू पाहतो. क्षणात सारं फिरतं. त्या समाजात गुरू आणि बाप एकाच पायरीवर. हे लग्न म्हणजे अधर्म. आपल्याला हा पेच समजावून सांगावा लागत नाही. खाडिलकरांच्या ‘विद्याहरण’ नाटकातला कच मराठी वाचकाच्या ओळखीचा आहे. गुरुकन्या ती बहीण, म्हणून देवयानीला नाकारणारा. तिथं नायक नियमाच्या बाजूनं उभा राहतो. इथं नायक नियमच मानत नाही. बापाच्या मायेनं वागणारा गुओ जिंग हात उगारून ‘चूक कबूल कर’ म्हणतो, आणि यांग गुओ मान ताठ ठेवून सांगतो की मारायचं तर मार. तो हात न मारताच खाली येतो. दोघांपैकी कुणीही खलनायक नाही, म्हणून हा प्रसंग इतका जड जातो. श्याओलोंगन्यूला तर वाद कशाचा आहे हेच कळत नाही. ती थडग्यात वाढली; बाहेरच्या जगाची लाज तिला कुणी शिकवलीच नाही. तिचा भोळेपणा हा या कथेतला सर्वांत धारदार प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर त्या मंडपातल्या एकाही शहाण्याकडे नाही.

एका गोष्टीपासून तोंड फिरवून चालणार नाही. श्याओलोंगन्यूवर मठातला एक तरुण साधू बलात्कार करतो. ती हालचाल करू शकत नसते, डोळ्यांवर पट्टी असते. तिला वाटतं तो यांग गुओच. त्या गैरसमजातून पहिली ताटातूट होते. कथेला वळण देण्यासाठी एका स्त्रीच्या देहावर असा घाला घालावा का? मला ते पटत नाही, आणि चीनमधल्या कित्येक वाचकांनाही ते कधी पटलेलं नाही. त्या साधूला जिन योंगनी दिलेलं नाव एका खऱ्या, इतिहासातल्या ताओ आचार्याचं होतं; उशिराच्या सुधारित आवृत्तीत ते त्यांनी बदललं, पण घटना ठेवली. एक गोष्ट मात्र त्यांच्या बाजूनं सांगायला हवी. 1959 सालच्या वर्तमानपत्री कादंबरीत, जिथं नायिकेचं ‘पावित्र्य’ हीच तिची किंमत मानली जाई, तिथं यांग गुओला सत्य कळतं आणि त्याचं प्रेम तसूभर हलत नाही. त्याच्या मनात तिच्याविषयी क्षणभरही प्रश्न येत नाही. हुआंग श्याओमिंगनं हा भाग आक्रस्ताळेपणा न करता केला आहे, आणि माझ्या मते त्याच्या कामातला हाच सर्वांत मोठा गुण.

विरहातल्या श्याओलोंगन्यूला जोउ बोतोंग भेटतो. म्हातारा, पोरकट, थोर योद्धा. तो तिला एक अजब कला शिकवतो: दोन हातांनी एकाच वेळी दोन वेगळे डाव खेळणं. त्याची परीक्षा सोपी दिसते. एका हातानं चौकोन काढायचा, त्याच क्षणी दुसऱ्यानं वर्तुळ. चतुर हुआंग रोंगला ते कधीच जमलं नाही, यांग गुओलाही जमत नाही. ज्याचं मन निवळ आहे त्यालाच जमतं. तिला पहिल्याच प्रयत्नात जमतं. मग ती दोन तलवारी घेते. एका हातात त्याचा डाव, दुसऱ्यात स्वतःचा. जी विद्या दोघांनी मिळून चालवायची, ती ती आता एकटी चालवते. युद्धाच्या दृष्टीनं ती यापूर्वी कधी नव्हती इतकी बलवान झालेली असते. मी हा प्रसंग कितीदा तरी पाहिला आहे, आणि प्रत्येक वेळी तिच्या डाव्या-उजव्या हाताकडे पाहताना माझ्या पोटात कालवतं.

प्रेमानं उद्ध्वस्त झालेल्यांची इथं रांगच आहे. श्याओलोंगन्यूची थोरली गुरुभगिनी ली मोचौ हिला प्रियकरानं टाकलं. तिनं त्याचं सगळं घर संपवायचं ठरवलं. तिच्या ओठी असते ती कविता 1190 साली जन्मलेल्या युआन हाओवन या कवीची. पंधरा-सोळा वर्षांचा असताना परीक्षेला जाताना त्याला वाटेत एक पारधी भेटला. त्यानं रानहंसांच्या जोडीतला एक मारला, तर दुसऱ्यानं आकाशातून स्वतःला जमिनीवर आपटून जीव दिला. कवीनं दोन्ही पक्षी विकत घेऊन फन नदीकाठी पुरले आणि प्रेमावर एक कविता लिहिली. ली मोचौ येते ती त्या कवितेच्या सुरावर आणि आगीत जळताना तीच गाते. चिनी घराघरांत ही आठशे वर्षांपूर्वीची कविता या खुनी बाईमुळे ठाऊक झाली. इतक्या क्रूर पात्राच्या तोंडी इतकी कोवळी कविता घालायला धाडस लागतं.

मधले काही भाग रेंगाळतात, हेही सांगते. जिथं प्रेमालाच बंदी आहे अशा दरीतलं राजकारण लांबतं. पाकळ्या फार उडतात. संथ गतीतल्या गिरक्या फार होतात. पण त्याच दरीत ‘प्रेमफूल’ नावाचं झुडूप आहे. दिसायला देखणं, फळ बहुधा कडू, आणि काटा रुतला की विष भिनतं. मनात प्रेमाचा विचार आला की वेदना उठते. कादंबरीत ही कल्पना चतुर वाटते. पडद्यावर, प्रिय माणसाकडे पाहताच कळवळून मान फिरवणारे दोन चेहरे दिसतात तेव्हा ती चतुराई राहत नाही.

मग यांग गुओचा उजवा हात जातो. शत्रूच्या हातून नव्हे. गुओ जिंगच्या लाडावलेल्या थोरल्या मुलीनं, गुओ फूनं, रागाच्या भरात तोडलेला. रानात एक महाकाय, कुरूप गरुड त्याला सांभाळतो आणि एका दिवंगत तलवारबाजाच्या जड लोखंडी तलवारीपर्यंत नेतो. डावा हात, धार नसलेली तलवार, पुराचं पाणी. पुढं श्याओलोंगन्यूला कळतं की आपलं विष उतरणार नाही, आणि आपण आहोत तोवर हा स्वतःचं औषध घेणार नाही. ती कड्यावर सोळा वर्षांनी भेटू असं कोरून ठेवते आणि दरीत उडी घेते. हुआंग रोंग, जिनं लहानपणी त्याच्यावर विश्वास ठेवला नव्हता, तीच आता त्याला जगवण्यासाठी खोटं रचते: दक्षिण सागरातली एक सिद्ध भिक्षुणी तिला घेऊन गेली, सोळा वर्षांनी परत आणील.

सोळा वर्षांत यांग गुओ स्वतःची विद्या घडवतो. सतरा डावांची, आणि ती फक्त विरहानं खचलेल्या माणसालाच चालते. तो अजिंक्य होतो. ठरलेल्या दिवशी ती येत नाही, तो त्याच कड्यावरून उडी घेतो आणि तळाशी ती भेटते. इथं साध्या गोष्टी संपतात. जिन योंग मात्र एक पाऊल पुढं जातात. श्यांगयांग शहराच्या तटाबाहेर, हजारो सैनिकांसमोर, यांग गुओ सुवर्णचक्र भिक्षूशी लढतो आणि त्याची ती विद्या चालतच नाही. बायको परत मिळाली आहे, मन भरलेलं आहे. हातांना जोरच येत नाही. मरणाच्या दारात पोचल्यावर, आता हिला पुन्हा दिसणार नाही या विचारासरशी हात आपोआप उठतो आणि वार बसतो. चिमण्यांच्या पहिल्या धड्यापासून कथा ज्या सूत्रावर चालत आली, ते इथं पूर्ण खरं ठरतं.

श्यांगयांगचा वेढा हा नुसता देखावा नाही. गुओ जिंगनं आयुष्य त्या तटावर घालवलं. ज्याला बापाचा मारेकरी समजून मारायला यांग गुओ पूर्वी तिथं आला होता, त्यालाच रात्रंदिवस सामान्य लोकांसाठी झिजताना पाहून त्याचा हात अडतो. खरा वीर देशासाठी आणि लोकांसाठी असतो हे गुओ जिंग त्याला तिथंच सांगतो, आणि नीतीच्या नावाखाली ज्याला हाकललं तोच शेवटी शहर वाचवतो. यांग गुओ भिरकावलेल्या दगडानं मंगोल सम्राट मंगू खानाचा बळी घेतो. इतिहासात मंगू 1259 साली मेला तो इथं नव्हे, पश्चिमेला द्याओयू गडाच्या वेढ्यात. जिन योंगनी ते मरण जाणूनबुजून श्यांगयांगला आणलं. पण शहर 1273 साली पडलंच, हे प्रत्येक चिनी प्रेक्षकाला माहीत असतं. विजयाच्या जल्लोषाकडे ते ही तारीख ठाऊक असताना पाहतात.

कोणती आवृत्ती चांगली यावर चाहत्यांचं कधी एकमत होणार नाही. 1983 साली हाँगकाँगच्या मालिकेत अँडी लाउ आणि इडी चॅन होते. 1995 साली लुई कू आणि कारमन ली. 1998 साली सिंगापूरच्या मालिकेत क्रिस्टोफर ली आणि फॅन वोंग, ज्यांनी पुढं खरोखरच लग्न केलं. अँडी लाउचा यांग गुओ अधिक उद्धट आणि अधिक दुखावलेला आहे, हे मी मान्य करते. तरी नव्या प्रेक्षकाला मी 2006 चीच सुचवीन. जांग जीजोंगनी बंद स्टुडिओ सोडून चीनचे खरे डोंगर, धबधबे आणि ज्योजायगोची निळी तळी वापरली, आणि समाजाला पाठ फिरवणाऱ्या दोघांना जायला मोकळी जागा लागतेच. शिवाय लिउ यीफेई. जन्म 1987 चा, म्हणजे मालिका आली तेव्हा ती जेमतेम अठराची. पडद्यावर तिचा शिष्य झालेला नट तिच्याहून दहा वर्षांनी मोठा. तरी त्या दोघांत वडीलकी तिचीच आहे, हे तिनं आवाज न चढवता, नुसत्या स्थिर नजरेनं पटवलं.

पाहायला बसाल तेव्हा लहानपणच्या यांग गुओचे सुरुवातीचे भाग टाळू नका. मुख्य जोडी अजून आलेली नसते म्हणून पुष्कळ जण ते ओलांडतात, आणि मग त्याचा स्वाभिमान त्यांना हेकटपणा वाटतो. दुसरं, शेवटच्या भागांत गुओ जिंगची धाकटी मुलगी गुओ श्यांग येते, तिच्याकडे नीट लक्ष द्या. यांग गुओ तिला तीन इच्छांसाठी तीन सोन्याच्या सुया देतो आणि तिच्या सोळाव्या वाढदिवसाला श्यांगयांगच्या आकाशात दारूकामानं अक्षरं उमटवतो. ती त्याच्यावर प्रेम करते, कुणालाही न सांगता. त्याचं मन कुठं आहे ते तिला पक्कं ठाऊक आहे. ली मोचौसारखं जग जाळायला ती निघत नाही, लिन चाओयिंगसारखं स्वतःला गाडूनही घेत नाही. तिच्या तीन सुयांपैकी शेवटची ती ज्यासाठी वापरते, ते पाहून मी तिची कायमची झाले. तिचं पुढं काय झालं ते जिन योंगनी, ही कादंबरी ज्या त्रयीत येते, तिच्या तिसऱ्या कादंबरीत लिहिलं आहे. ही मालिका संपली की ती वाचायला घ्या.